वन्संच्या हातातली सुई

मुंबईतलं बिऱ्हाड मोडून आम्ही रत्नागिरीला परत आलो तेव्हा माझ्या मांडीवर मूल नव्हतं, काचेचा एक फुगा होता. नारळाएवढा मोठा, दोन-तीन बाजूंना नळ्या फुटलेला, आत धातूच्या दोन चकत्या. ह्यांनी तो माझ्या माहेरच्या गोधडीत गुंडाळला आणि बोटीवर चढताना माझ्या हातात दिला. म्हणाले, "ट्रंका मी बघतो. तू फक्त हे सांभाळ."

रत्नागिरीला बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि उतारूंना लहान पडावात उतरून किनाऱ्याला यावं लागायचं. त्या दिवशी पडाव असा हेलकावत होता की शेजारच्या बाईला उलट्यांवर उलट्या होत होत्या. मी गोधडी छातीशी धरून बसले होते. तेवढ्यातही तिनं विचारलं, "किती दिवसांचं आहे हो?" मी म्हटलं, "काच आहे." मग ती किनारा येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

हे मुंबईच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत कामाला होते. सासूबाई गेल्या, मामंजी एकटे पडले, कलमांची बाग बघणारं कुणी उरलं नाही, म्हणून ह्यांनी गावच्या शाळेत शास्त्राच्या मास्तरांची जागा धरली. निघताना आम्ही त्यांच्या प्राध्यापकांच्या पाया पडायला गेलो. त्यांनीच तो फुगा दिला. तो क्ष-किरणांची नळी होती. कॉलेजात नवी आली होती आणि ही अडगळीत पडली होती. तिच्याबरोबर तारेचं एक जाडजूड वेटोळंही दिलं. विजेच्या साध्या घटांचा जोर वाढवून ठिणगी पाडणारं ते यंत्र होतं. प्राध्यापकांनी चहाचा कप उचलला तेव्हा मला त्यांची बोटं दिसली. दोन बोटांना नखंच नव्हती आणि कातडी भाजलेल्या पापडासारखी झाली होती. मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

"मुली," ते म्हणाले, "ह्याला सांगत राहा, आपला हात किरणांत घालायचा नाही. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. नळी चालते की नाही ते आम्ही रोज आपल्याच हातावर बघायचो."

घरी मागच्या पडवीला लागून नारळ ठेवायची एक खोली होती. नारळ बाहेर गेले आणि ह्यांच्या वस्तू आत आल्या. काचेच्या बरण्यांतलं नारिंगी पाणी आणि जस्ताच्या पट्ट्या, ह्या त्यांच्या विजेच्या विहिरी. त्या पाण्याचा थेंब उडाला की कापडाला भोक. माझी दोन लुगडी आणि ह्यांची सगळी धोतरं चाळणीसारखी झाली. घरात वीज नव्हती, कंदील होते. पण त्या खोलीत वीज तयार व्हायची याचं मला पहिलं वर्षभर फार अप्रूप वाटलं.

पहिला फोटो काढला तो बांगड्याचा. आमच्या घराला मासा कधी शिवला नव्हता. ह्यांनी मागल्या दारी मासे विकायला जाणाऱ्या बाईला हाक मारली आणि एकच बांगडा मागितला. ती दारातच थांबली.

"मास्तरानू, भटाच्या घरात बांगडा? कोन खानार?"

"खायचा नाही. फोटो काढायचाय."

फोटो घेतलेली काच गावातल्या फोटोग्राफरकडून धुऊन आणली. माशाच्या अंगातला काटा न् काटा कंगव्यासारखा उमटला होता. दुसऱ्या दिवशी त्या बाईला दाखवला. ती म्हणाली, "आगो बाय, न चिरता काटा दिसला!" आणि बांगडा परत घेऊन गेली. मामंजींनी त्या खोलीत गोमूत्र शिंपडायला लावलं.

पण ह्यांचा जीव फोटोंत नव्हता. फोटो निघतात हे जगाला तीसेक वर्षं ठाऊक होतं. ह्यांना ओढ लागली होती ती वेगळ्याच गोष्टीची. एका बंद काचेच्या बरणीत ह्यांनी सोन्याच्या वर्खाची दोन नाजूक पानं टांगली होती. त्यांना वीज दिली की ती एकमेकांपासून दूर व्हायची, पंख उघडल्यासारखी. नळी चालू केली की झटकन मिटायची. ते ठीक. पण नळी बंद असतानाही, खोलीत काही नसतानाही, ती हळूहळू मिटायचीच. ती का मिटतात, हा ह्यांचा प्रश्न. बरणी कधी माडीवर न्यायचे, कधी कातळावर, कधी दोरीनं विहिरीत सोडायचे, आणि पानं किती वेळात मिटतात ते घड्याळ लावून वहीत लिहायचे. हे शाळेत गेले की वही माझ्याकडे. पोळ्या लाटता लाटता मी पानांवर नजर ठेवायची.

एकदा मामंजी विहिरीवर आंघोळीला आले आणि पोहऱ्याच्या जागी बरणी लोंबकळताना बघून थबकले.

"काय रे, हे काय सोडलंस विहिरीत?"

"बाबा, पानं बघतोय. वर लवकर मिटतात, खाली उशिरा."

"मिटतात तर मिटू देत. उपयोग काय त्याचा?"

"उपयोग मला नाही माहीत. पण ती का मिटतात ते अजून कुणाला धड उमगलेलं नाही."

"म्हणून तुला कळायला हवं?"

"हो," हे म्हणाले. उर्मटपणानं नाही, अगदी साधेपणानं. मामंजींनी बरणी वर ओढली, बाजूला ठेवली आणि पोहरा सोडला.

पावसाळ्यात मात्र ह्यांचं सगळं अडायचं. समुद्रावरचा दमट वारा आला की वीज टिकायचीच नाही. काचेवर ओल धरायची आणि पानं उघडायच्या आधीच मिटायची. हे हताश होऊन बसायचे. त्यावर उपाय मला सुचला होता, हे मी जरा मिरवून सांगते. आमची थोरली तेव्हा झाली होती आणि पावसात दुपटी वाळवायला मी शेगडीवर वेताची टोपली पालथी घालायची. निखाऱ्यांवर राख पसरलेली, म्हणजे ऊब लागते पण कापड करपत नाही. एके दिवशी दुपटी उचलली आणि टोपलीखाली बरणी ठेवली. तासाभरात ती खडखडीत कोरडी. मग दर पावसाळ्यात एक टोपली मुलांची आणि एक बरणीची. काच कशी पुसायची, कुठे मेण लावायचं, कुठे हात लावायचा नाही, ते सगळं चार-पाच पावसाळ्यांत आम्हाला सरावाचं झालं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की जगात ह्याइतकं निरुपयोगी ज्ञान दुसरं नसेल.

माझी नणंद, ह्यांची धाकटी बहीण, ह्याच काळात घरी परत आली. वय वीस, नवरा तापानं गेला, मूलबाळ नाही. मी त्यांना वन्सं म्हणायची, जरी त्या माझ्याहून दोन वर्षांनी लहान होत्या. पहिले सहा महिने त्या फारशा बोलल्याच नाहीत. मग एक दिवस मामंजींसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, मला स्वयंपाकात मदतीला ठेवू नका. मला शिवणाचं यंत्र हवं." घरात असं कुणी मागितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मामंजींनी यंत्र आणायला मुंबईला पत्र टाकलं.

ते हातानं फिरवायचं यंत्र ओटीवर खिडकीपाशी आलं आणि वन्संमध्ये हळूहळू जीव आला. उजव्या हातानं मूठ फिरवायची, डाव्या हातानं कापड सरकवायचं. पोलकी, झबली, शाळेच्या मुलांचे सदरे. दोन वर्षांत अर्धी आळी त्यांच्याकडे शिवायला टाकू लागली. कुणी "बिचारी" म्हणालं की त्या माप घ्यायची फीत गळ्यात अडकवायच्या आणि विचारायच्या, "बाही किती लांब ठेवू?"

एका आषाढात त्या जाड खादीची पिशवी शिवत होत्या. कापड अडलं, त्यांनी डाव्या अंगठ्यानं रेटलं आणि सुई अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या उंचवट्यात शिरली आणि मोडली. वरचा तुकडा यंत्रात राहिला, खालचा हातात. रक्त थांबलं तशी त्यांनी चिंधी बांधली आणि दुसरी सुई लावून पिशवी पुरी केली. आम्हाला दोन दिवसांनी कळलं, हात सुजून अंगठा वळेनासा झाला तेव्हा.

बाजारात एका डॉक्टरांचा दवाखाना होता. तरुण, मन लावून काम करणारे. त्यांनी भोक दिसत होतं तिथे चिरलं, शोधलं, काही मिळालं नाही. दोन दिवसांनी जरा बाजूला पुन्हा चिरलं. वन्संनी ओठ दाताखाली धरला होता, त्यातून रक्त आलं. तेव्हा डॉक्टरच थांबले. ह्यांना बाहेर बोलावून म्हणाले, "मास्तर, मी आंधळ्यासारखा चाचपतोय. सुई सरकते. अजून खोल गेलो तर अंगठ्याची शीर तुटेल, मग अंगठा कायमचा लुळा. नाही काढली आणि पू वर चढला, तर अंगठा ठेवता येईल की नाही सांगवत नाही. मुंबईला न्या. तिथे आतला फोटो काढतात."

मुंबईला न्यायचं कसं? बोटी पावसामुळे बंद. आंबा घाटातून कोल्हापूरला मोटार जायची, पण दरड कोसळून रस्ता अडला होता, कधी मोकळा होईल ते कुणी सांगेना. आम्ही घरी आलो. वन्सं ओटीवर भिंतीला टेकून बसल्या, हात पोटाशी धरून. ह्यांनी त्यांना डॉक्टर काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"दादा, तुझ्या त्या बांगड्याचा काटा दिसला होता ना?"

हे एकदम उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"ती नळी जुनी आहे गो. किती वर्षांत जोरानं चालवलेली नाही. त्यात हा पाऊस."

"मग नाही दिसणार?"

"तसं नव्हे. फार वेळ ठेवायला लागलं तर कातडी भाजते. मी माणसावर कधी केलेलं नाही."

"अंगठा गेला तर मी काय करू ते सांग," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या आवाजात रडं नव्हतं. तेच ऐकवेना.

ह्यांनी मुंबईहून आणलेली जुनी टिपणं काढली. हाताला किती अंतरावरून किती मिनिटं, ते प्राध्यापकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. तिप्पट वेळ झाला तरी धोक्याच्या पुष्कळ अलीकडे राहू, असा हिशेब करून मग ते म्हणाले, "उद्या रविवार आहे. सकाळी करू."

रविवारी सकाळपासून पाऊस कोसळत होता. नारळाच्या खोलीत मी चार शेगड्या पेटवल्या. वेटोळं टोपलीखाली, नळी दुसऱ्या टोपलीखाली, बरण्या पुसून कोरड्या. मेण वितळेल म्हणून हे सारखे टोपली उचलून बघायचे आणि मी सारखी त्यांना मागे ढकलायची. "ते माझ्यावर सोडा," मी म्हटलं. दुपटी आणि बरण्या वाळवून मला राखेचा थर किती ठेवायचा ते हाताला कळत होतं. चहाच्या मोठ्या पेटीच्या आत शिशाचा पातळ पत्रा असतो. तो ह्यांनी वाण्याकडून मागून आणला होता. त्याच्या घड्या घालून त्यांनी आडोसा केला, म्हणजे किरण फक्त हातावर पडावेत आणि बाकी अंगाला लागू नयेत. मला आणि मुलांना खोलीबाहेर काढलं. मी दाराच्या आडून बघत राहिले.

फोटोग्राफर चार काचा काळ्या कागदात गुंडाळून घेऊन आला होता. डॉक्टरही आले होते, छत्री निथळत.

पहिल्यांदा वेटोळं सुरू केलं तेव्हा नुसतीच टर्रर्र झाली आणि ठिणगी नळीच्या बाहेरून उडी मारून गेली. नुसती पडून राहून नळी अडेल झाली होती, वीज आत घेईना. ह्यांनी स्पिरिटच्या दिव्यावर तिची बाजूची नळी जरा गरम केली, म्हणजे आत थोडा वायू सुटावा, थांबले, पुन्हा गरम केली. चौथ्या वेळी काचेत कोवळ्या कैरीसारखा हिरवट उजेड भरला. एरवी त्या पावसात तो उजेड कधीच टिकला नसता. ह्यांनी दाराकडे बघून मान हलवली. ती माझ्या शेगड्यांना दिलेली पावती होती, मी समजले.

पहिली काच वाया गेली. वन्संचा हात हलला आणि सगळं धुक्यासारखं उमटलं. फोटोग्राफरनं ती आमच्या काळोख्या कोठीच्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात धुतली आणि बाहेर येऊन म्हणाला, "बाईंना हलू नका म्हणून सांगा. माझ्याकडे माणसं हसू दाबून बसतात, इथे दुखणं दाबायचंय."

मग मी तांदूळ भरून दोन लांबट पिशव्या केल्या आणि आत जाऊन मनगटाच्या दोन्ही बाजूंना टेकवल्या. हात पालथा ठेवणार तेवढ्यात वन्सं म्हणाल्या, "थांब. फोटोत सुई दिसली, तरी माझ्या हातावर ती नेमकी कुठे ते डॉक्टरांना कसं कळणार? कापड बेतताना आम्ही आधी खडूची खूण करतो."

खडू किरणांना दिसला नसता. पण खूण हवी हे अगदी खरं होतं. धातू मात्र फोटोत उमटतो. शेवटी ह्यांनी तांब्याच्या बारीक तारेची फुली केली आणि डॉक्टरांनी ती चिकटपट्टीनं तळहाताला, चिरलेल्या जागेपाशी लावली.

"आता बोलत राहा दादा," वन्सं म्हणाल्या. "म्हणजे माझं लक्ष हाताकडे जाणार नाही. हे किरण सापडले कसे ते सांग."

टर्रर्र सुरू झाली. हे शिशाच्या आडोशामागे घड्याळ धरून उभे होते आणि त्या आवाजावर आवाज चढवून सांगत होते.

"जर्मनीत एक प्राध्यापक होते. बंद नळीतून वीज गेली की काय होतं ते बघत होते. नळी काळ्या पुठ्ठ्यानं झाकलेली, आणि लांबवर पडलेला एक कागद चमकायला लागला. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, असेल काहीतरी. ते कित्येक आठवडे त्या खोलीतून बाहेर पडले नाहीत. मग बायकोला बोलावलं आणि तिच्या हाताचा फोटो घेतला. हाडं आणि बोटातली अंगठी."

"ती घाबरली असेल."

"घाबरलीच. हलू नकोस."

"त्यांना सुया शोधायच्या होत्या?"

"छे. त्यांना सुई सुचलीही नव्हती. नळीतली हवा काढायचा पंप कुणी केला, तर निर्वात जागा म्हणजे काय ते बघायचं होतं म्हणून. हे वेटोळं का चालतं, तर त्याआधी कुणीतरी लोहचुंबक तारेजवळ नेऊन वीज येते का बघितलं म्हणून. ते लोकही एकमेकांना ओळखत नव्हते. ज्याला त्याला आपापलं कोडं पडलेलं."

"आणि तुझी पानं?"

हे घड्याळावर नजर ठेवून म्हणाले, "पानांसाठी तुझ्या वहिनीनं टोपल्या केल्या नसत्या तर आज ठिणगीसुद्धा टिकली नसती."

मी दाराबाहेर होते. डोळे का भरून आले ते मला नीट सांगता यायचं नाही. इतकी वर्षं मी ह्यांची वही लिहिली ती ह्यांच्यासाठी, पानांसाठी नाही. पानांचं मला काहीही पडलेलं नव्हतं. त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं की बरं झालं, मी मध्येच सोडून दिलं नाही.

चार मिनिटं झाली. नळी जराशी बाजूला सरकवून दुसऱ्या काचेवर पुन्हा चार मिनिटं. आम्ही सगळे कोठीच्या दाराशी उभे. आत बशीत पाणी हलवल्याचा आवाज येत होता. मग फोटोग्राफर ओल्या काचा घेऊन बाहेर आला आणि त्यानं त्या खिडकीच्या उजेडात धरल्या.

काळ्या पार्श्वभूमीवर वन्संचा हात, करड्या हाडांचा. तारेची फुली स्वच्छ पांढरी. आणि तिच्यापासून बोटभर दूर, मनगटाच्या बाजूला, हाडालगत, जिऱ्याच्या दोन दाण्यांएवढी सरळ पांढरी रेघ.

"मी इथे चिरत होतो," डॉक्टर फुलीवर बोट ठेवून म्हणाले. "आणि ती तिकडे."

"खोल किती ते आता सांगतो," म्हणून ह्यांनी कागद घेतला. दोन फोटोंमध्ये रेघ किती सरकली आणि नळी किती सरकवली, एवढ्यावरून त्यांनी दोन त्रिकोण काढले. शाळेत मुलांना शिकवायचे तेच. डॉक्टर खांद्यावरून बघत होते. मामंजी ओटीवरून उठून आले होते. ते ह्यांच्या दुसऱ्या खांद्यावरून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी, आता खोल जायचं म्हणून, औषध टोचून हात बधिर केला, काचा खिडकीला टेकवून ठेवल्या आणि सांगितल्या जागी, सांगितल्या खोलीपर्यंत गेले. मी वन्संचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. बशीत टक्कन आवाज झाला तेव्हा मला वाटलं डॉक्टरांची कात्री पडली. सुई होती.

"झालं?" वन्संनी विचारलं.

"झालं."

त्या तेव्हा रडल्या. पहिल्यांदाच. नवरा गेल्यानंतरसुद्धा मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. डॉक्टर हात बांधता बांधता ह्यांना म्हणाले, "मास्तर, मी तुमचा ऋणी आहे." हे म्हणाले, "माझं काय त्यात?" आणि तो खोटा नम्रपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

जखम भरायला पाच आठवडे लागले. कातडी भाजली नाही. मी रोज सकाळी उजेडात हात उलटसुलट करून बघायची, मला त्या प्राध्यापकांची बोटं विसरता येत नव्हती. ह्यांनी मुंबईला त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं ते दुसऱ्या कुणाच्या अक्षरात. लिहिणं त्यांना जमत नव्हतं. एक फोटो पाठवा, वर्गात दाखवीन, एवढंच मागितलं होतं. मी देवापुढे बसले की त्या माणसाच्या बोटांची आठवण काढू लागले. असे किती जण असतील, ज्यांना आम्ही कधी बघितलं नाही, ज्यांचे हात जळले तेव्हा कुठे कळलं की वन्संचा हात किती वेळ ठेवायचा.

पुढे दोन-तीन वेळा डॉक्टरांनी कुणाकुणाला आमच्याकडे पाठवलं. एकाच्या पायात बंदुकीचा छर्रा, एकाचं मोडलेलं बोट. ह्यांनी केलं, पण दर वेळी आदले दोन दिवस त्यांना जेवण जायचं नाही. नंतर गावात चांगलं यंत्र आलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद ह्यांना झाला. जुनी नळी एकदा गरम करताना तडकली. ह्यांनी काचा झाडून घेतल्या आणि पानांच्या बरणीकडे वळले. पानं मिटवणारं काहीतरी आभाळातून, पृथ्वीच्या बाहेरून येतं, असं दूरदेशीच्या लोकांनी मोठ्या उडत्या फुग्यात बसून वर जाऊन शोधून काढल्याचं ह्यांनी पुढे एका मासिकात वाचलं. मला वाटलं वाईट वाटेल. हे वही घेऊन विहिरीवर गेले आणि आपले आकडे त्यांच्या म्हणण्याशी जुळतात का ते बघत बसले. मामंजी बाजूला उभे होते. "जुळतात?" त्यांनी विचारलं. "थोडे जुळतात," हे म्हणाले. मामंजी म्हणाले, "बाकीचे पावसानं चुकले असतील."

पण सुईच्या त्या वर्षीचा दसरा मला अजून जसाच्या तसा दिसतो. नळी तेव्हा शाबूत होती. आदल्या दिवशी, नवमीला, घरातली हत्यारं पुजायची. कोयते, विळी, पहार. वन्संनी शिवणाचं यंत्र पुसून पाटावर ठेवलं आणि नारळाच्या खोलीत जाऊन नळी आणि वेटोळं उचलून आणलं. ह्यांचा जीव खालीवर.

"अगो, सांभाळून! आणि ह्याला कसली पूजा? काच आहे ती."

"मला माहीत आहे काच आहे," वन्सं म्हणाल्या. "पण हळदकुंकू कुणाला वाहू मग? ज्यांनी ज्यांनी केलं त्यांची नावं सांग."

ह्यांनी आधी हसण्यावारी नेलं. त्या हटेनात. तेव्हा हे पाटाशेजारी मांडी घालून बसले आणि आठवून आठवून एकेक नाव सांगू लागले. पंप करणारा, चुंबकवाला, नळ्या फुंकणारा कारागीर, ज्याचं नाव ह्यांनाही ठाऊक नव्हतं, ते जर्मनीतले प्राध्यापक, त्यांची बायको. वन्सं प्रत्येक नाव मोठ्यानं म्हणायच्या, परकी अक्षरं त्यांच्या जिभेत अडकायची, आमची थोरली खदखदून हसायची, आणि त्या तितक्याच गंभीरपणे डाव्या हातानं, अंगठा आणि बोटात धरून, एकेक झेंडूचं फूल ठेवायच्या. मुंबईच्या प्राध्यापकांचं फूल मी ठेवलं. मामंजींनी उरलेली फुलं ओंजळीत घेतली आणि म्हणाले, "राहिले असतील त्यांना," आणि सगळी एकदम वाहिली.

उदबत्तीचा धूर विरायच्या आतच वन्सं उठल्या. "दादा, उचल आता ते. दिवाळी आली, माझी तेरा पोलकी शिवायची राहिलीत."